दिव्याभोवतीचं खळं

आमच्या घरी शुक्रवार सकाळपासूनच घाईचा असायचा. सूर्य मावळायच्या आत दोन दिवसांचा स्वयंपाक व्हायला हवा, कारण त्यानंतर शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटायची नाही आणि दिव्याचं बटण दाबायचं नाही. पनवेलमध्ये आमच्यासारखी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं तेव्हाच थोडी उरली होती. बाकीची इस्राएलला निघून गेली होती. उरलेल्यांत सगळेच हा शब्बाथ, शनिवारचा विसावा, इतका काटेकोर पाळत होते असं नाही, आई पाळायची. ती मला घेऊन मासळीबाजारात जायची. तिथली जनाबाई कोळीण तिला लांबूनच बघून ओरडायची, "आली मिल्काबाई! हिला कोलंबी नको, चिंबोरी नको, खवल्याबिगर मासा नको. अगं बाय, मंग तुमी जगतां तरी कशाव?" "तुझं तोंड बघून," आई म्हणायची आणि बोई माशाचे कल्ले उघडून बघायची. घरी आल्यावर नारळ खवायचं काम माझं. नारळाच्या दुधातली माशाची आमटी, भात, बटाट्याची सुकी भाजी, आणि प्रार्थनेसाठी मनुका उकळून गाळलेलं सरबत. दुपारभर त्या मनुकांचा गोडसर वास घरात कोंडून राहायचा. मला तो वास अजूनही आवडत नाही.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत दिवा. आढ्याच्या आकड्याला साखळीने टांगलेला काचेचा पेला, त्यात अर्धं पाणी, पाण्यावर खोबरेल तेल आणि तेलावर तरंगणारी वात. आई डोक्यावर पदर घेऊन वात पेटवायची, डोळ्यांवर हात धरून पुटपुटायची आणि मग त्या दिव्याखाली खुर्ची घेऊन बसायची. बाहेरच्या खोलीची ट्यूब बाबांनी आधीच बंद करून ठेवलेली असायची. स्वयंपाकघरातला एक बल्ब रात्रभर चालू असे, पण मधे पडदा होता. म्हणजे सगळ्या आळीत झगझगीत उजेड आणि आमच्या बाहेरच्या खोलीत एका वातीपुरता. बाबा एका शाळेत कारकून होते. घरात आवाज चढू नये एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती, आणि शुक्रवारी ती बहुतेक पुरी व्हायची.

मी बारावीत होते त्या वर्षी माझा मोठा भाऊ सायमन इस्राएलला जाऊन बराच काळ झाला होता. आयटीआय करून इथे नोकरी नीट लागेना म्हणून तो गेला. तिकडे गेल्यावर रीतीप्रमाणे त्याला सैन्यात जावं लागलं. समोरच्या कापडदुकानदाराकडे फोन होता. रविवारी सकाळी सायमनचा फोन यायचा, दुकानदाराचा नोकर रस्त्यावरूनच हाक मारायचा आणि आई हातातलं टाकून, बऱ्याचदा अनवाणीच, धावायची. मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. रेडिओवर तिकडच्या सरहद्दीवर चकमकी चालू असल्याच्या बातम्या येत होत्या. बाबा रेडिओ बंद करायचे आणि आई पुन्हा लावायची. शेवटी तिने नवस केला. एलियाहू हन्नाबी म्हणजे आमचा एलिया प्रेषित. कोकणातल्या आमच्या लोकांचा त्याच्यावर फार जीव. मूल होऊ दे, नोकरी लागू दे, जे मागायचं ते त्याच्याकडे मागायचं आणि मिळालं की मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आईने सायमनच्या खुशालीसाठी मलिदा बोलला आणि शुक्रवारचे उपास धरले.

त्यानंतर लवकरच एका शुक्रवारी दिव्याखाली बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, दिव्याला खळं पडलंय."

चंद्राला पडतं तसं. आतून निळसर, बाहेरून तांबडं, मधे सगळे रंग, असं तिने सांगितलं. बाबांनी वर बघितलं. मी वर बघितलं. आम्हाला नुसती वात दिसत होती. "तुम्हाला कसं दिसेल," आई म्हणाली. रागाने नाही, अगदी समजूतदारपणे. रात्री तिचं कपाळ ठणकत होतं; उपासाने होतं म्हणाली. सकाळी उठली तेव्हा डोकं शांत होतं आणि दिवा साधा होता. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खळं. आठवड्यातल्या बाकी कुठल्याही दिवशी नाही, फक्त शुक्रवारी, फक्त शब्बाथच्या दिव्याला, आणि फक्त जिने नवस केला होता तिला.

मागच्या आळीत राहणारी रिबेकामावशी आईची मैत्रीण. तिने ऐकल्याबरोबर दोन्ही हात कपाळाला लावले. "मिल्का, हन्नाबी अग्निरथातून वर गेला गं. उजेडातूनच खूण करणार तो. तुझा सायमन सुखरूप आहे." झालं. त्यानंतर दर शुक्रवारी मावशी येऊन बसायला लागली, आणि एकदा पेणहून तिची जाऊही आली. आई खुर्चीत, बाकीच्या सतरंजीवर, सगळ्या दिव्याकडे तोंड करून. "दिसतंय?" मावशी दबक्या आवाजात विचारायची. "दिसतंय," आई म्हणायची, आणि खोलीत सुस्कारे पडायचे. आठवडाभर ती भिजलेल्या पोत्यासारखी वावरायची, पण शुक्रवारी संध्याकाळी तिचा चेहरा सुटायचा. ते बघून बाबा काही बोलत नसत. मीही पहिले काही आठवडे बोलले नाही. दुखणं आणि समाधान एकाच वेळी येत असेल तर माणूस दुखण्याबद्दल तक्रार करत नाही, हे मला पुढे चष्म्याच्या धंद्यातही वारंवार दिसलं.

पण मला एक गोष्ट खटकत होती. चंद्राला खळं पडतं ते सगळ्या पनवेलला दिसतं. हे एकटीलाच का? एका शुक्रवारी मावशी यायच्या आधी मी आईला म्हटलं, "आई, डावा डोळा झाक बघू."

"कशाला?"

"झाक तर."

तिने झाकला. "आहे. उलट जास्तच दिसतंय."

"आता तो उघड आणि उजवा झाक."

तिने हात बदलला. मग पुन्हा पहिला डोळा झाकला, पुन्हा दुसरा.

"गेलं ना?" मी विचारलं. "दिवा तोच आहे आई. खळं दिव्याला असतं तर दोन्ही डोळ्यांना दिसलं असतं. ते तुझ्या उजव्या डोळ्यात आहे."

"तो दाखवेल त्या डोळ्याला दाखवेल," ती म्हणाली. "तू शास्त्र शिकतेस म्हणून त्याला आता डोळे नेमून देणार का?"

रविवारी मी बाबांना सोबत घेऊन तिला एसटी स्टँडजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चष्म्याचा नंबर बदललाय असं सांगून नेलं, नाहीतर ती आली नसती. बाईंनी बराच वेळ तपासलं, डोळ्यावर बोटं ठेवून त्याचा कठीणपणा बघितला, आणि विचारलं, "शुक्रवारी तुम्ही करता तरी काय?" मी सांगितलं. अंधार, एक वात, तास-दोन तास बसणं. "मग बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी आज माझ्या शब्दांत लिहिते. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि कडेच्या बारीक वाटेने ते निघून जात असतं. काही लोकांचे डोळे लहान असतात, त्यांची ही वाट मुळातच अरुंद असते. अंधारात बाहुली मोठी होते, तिच्याभोवतीचा पडदा गोळा होऊन कडेला सरकतो आणि वाट बुजवतो. आत पाणी साठतं, दाब वाढतो, डोळ्याच्या पुढच्या काचेत पाणी मुरतं आणि ती बाष्प धरलेल्या खिडकीसारखी होते. त्यातून दिव्याकडे बघितलं की प्रकाश फुटतो आणि रंगांचं कडं दिसतं. झोपलं की बाहुली बारीक होते, वाट मोकळी होते, सकाळी सगळं ठीक. "पण दर वेळी आतली नस थोडी मरते," बाई म्हणाल्या, "आणि ती परत येत नाही. एके दिवशी वाट बुजेल ती उघडणारच नाही. पडद्याला एक बारीक भोक पाडावं लागेल, दोन्ही डोळ्यांत. मुंबईला. छोटं ऑपरेशन आहे. तोवर हे थेंब, दिवसातून चार वेळा, एकदाही चुकवायचे नाहीत."

"पण मला ते दिव्याभोवती दिसतं," आई म्हणाली. "डोळ्यात काही असतं तर डोळ्यात दिसलं असतं."

बाई हसल्या नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात पापणीवरून बोटाने अगदी हलकं दाबा. काय दिसतं?"

आईने दाबलं. "नाकाकडे एक गोल कडं दिसतंय."

"बोट कुठे आहे?"

"कानाकडे."

"नाकापाशी दिवा लावलाय का कोणी?"

मीही शेजारी बसून दाबून बघितलं. खरंच, बोट एकीकडे आणि उजेडाची चकती समोर दुसरीकडेच, अंधारात तरंगत असलेली. बाई म्हणाल्या, डोळ्यामागच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं, बारीक आणि डाग पडलेलं. मेंदू ते सुलट करतो, भोकं बुजवतो आणि बाहेर नेऊन ठेवतो. डोळ्याकडून काहीही आलं, प्रकाश आला, धक्का आला, दाब आला, तरी मेंदूला एकच माहीत: हे समोर आहे. आपल्याच डोळ्यातली गोष्ट त्याला ओळखता येत नाही.

आज माझं चष्म्याचं दुकान आहे. विचुंब्याच्या नव्या इमारतींतून तरुण मुलं येतात, हायवेवर गाड्यांच्या दिव्यांना कडी दिसतात म्हणतात, काच पुसून द्या म्हणतात. मी काच पुसत नाही. आधी एकेक डोळा झाकायला लावते, आणि डोकं दुखतं का विचारून सरळ डॉक्टरकडे पिटाळते. काही चिडतात. चिडू देत.

ऑपरेशनला आई नाही म्हणाली नाही. "सायमनचा फोन येऊ दे, मग जाऊ," म्हणाली. बाबा म्हणाले, "तिच्या मनाची तयारी होऊ दे." मी दोघांवर चिडचिड केली, पण बारावीतल्या मुलीच्या चिडचिडीने कोणी मुंबईला जात नाही. थेंब सुरू झाले. ते घातल्यावर बाहुली मोहरीएवढी होते आणि सगळं अंधूक दिसतं. तांदूळ निवडायला ती भर दुपारी दारात बसायची. पुढच्या शुक्रवारी तिने दिवा लावला, खुर्चीत बसली. मावशीने विचारलं, "दिसतंय?"

"नाही."

मावशी लवकर उठून गेली. त्या रविवारीही फोन आला नाही. त्या आठवड्यात आईने जेवण जवळजवळ सोडलं. दुसऱ्या शुक्रवारीही दिवा साधाच होता, तेव्हा ती दिवा जळत असताना रडली. शब्बाथला रडू नये म्हणतात. मी तिला पहिल्यांदाच तसं बघत होते आणि मला मनातून वाटलं, औषध लागू पडतंय. हे दोन्ही एकदम खरं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मात्र ती सकाळपासून बरी दिसत होती. बाजारात जनाबाईशी भांडली, परत आल्यावर नारळ माझ्याकडून घेऊन स्वतः खवला. संध्याकाळी मावशीने विचारलं, "दिसतंय?" आणि आई म्हणाली, "आलं." मावशीने तिथेच प्रार्थना म्हणायला घेतली. मी पडद्याशी उभी होते. पडदा बाजूला करून स्वयंपाकघरातल्या बल्बचा उजेड आईच्या तोंडावर पाडला आणि जवळ जाऊन बघितलं. बाहुल्या मोठ्या होत्या. मोहरी नाही, चांगल्या मोठ्या, दोन्ही.

मावशी गेल्यावर मी विचारलं, "थेंब घातले नाहीस ना?"

"सकाळी विसरले."

"दुपारी?"

ती दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते घातले की तो जातो, रूथ."

"खळं जातं. ते जायलाच हवं."

"सायमन जातो," आई म्हणाली. "तू मला सगळं समजावलंस, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मला समजलं. मी काही अडाणी नाही. डोळ्यात पाणी होतं, काच धुरकट होते, मेंदू बाहेर ठेवतो. ठेवू दे. आठवड्यातली एक संध्याकाळ मला माहीत असतं की माझा मुलगा जिवंत आहे. बाकी सहा दिवस तुझे थेंब घालते ना मी?"

मी बाबांना सांगितलं. बाबा स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "मी बोलतो तिच्याशी." ते बोलले असतीलही, हळू आवाजात. पुढचा शुक्रवार आला तेव्हा मी बाटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने निमूट मान वर केली, मी थेंब घातले, आणि ती न्हाणीघरात गेली. डोळे धुतल्याचा आवाज मला ऐकू आला. सतरा वर्षांची मुलगी आईचे हात किती वेळ धरून ठेवणार?

त्या शुक्रवारचं खळं गेलं नाही. शनिवारी सकाळी आई उठली ती भिंत धरूनच. उजवा डोळा लालभडक, पापणी सुजलेली, बुबुळावर धुरकट साय आल्यासारखी. मोरीपाशी बसून ती ओकत होती. मी तिच्या डोळ्यासमोर हात हलवला. "काय दिसतंय?"

"धुकं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आता धुकंही नाही."

रिबेकामावशी आली होती. "शब्बाथ उतरू दे गं, संध्याकाळी नेऊ. इतकं सोसलंय तर..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. बाबा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ट्यूबचं बटण दाबलं. आमच्या घरात शनिवारी लागलेला तो पहिला दिवा. "शब्बाथ मोडल्याचं पाप माझ्या नावावर," ते मावशीला म्हणाले, इतक्या मोठ्याने की आईनेही मान वर केली. "रूथ, रिक्षा आण."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन लगेच मुंबईला पाठवलं. तिथे दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डावा वाचला, आणि शेवटपर्यंत चांगला राहिला. उजव्यात रात्र की दिवस एवढंच कळायचं. पुढे तेही गेलं.

ती पट्टी काढून घरी आल्यानंतरच्या रविवारी कापडदुकानाचा नोकर रस्त्यावरून ओरडला. सायमन धडधाकट होता. त्याला जिथे पाठवलं होतं तिथे फोन नव्हता, एवढंच. त्याने पत्रं टाकली होती ती कुठे गेली कोण जाणे. आईने मलिदा केला, मोठा, पेणहून आणि अलिबागहून माणसं आली. मी पोहे भिजवले, खोबरं खवलं, फळं कापली. आई सगळ्यांना सांगत होती, "त्याने एक डोळा घेतला आणि माझा मुलगा दिला." बायका तिच्या पाया पडत होत्या. मी तिथे काही बोलले नाही, कारण भरल्या घरात बोलायची ती वेळ नव्हती. पण मला ते वाक्य तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. कोणी काही घेतलं नव्हतं. तो डोळा वाचवता येत होता.

वर्षभराने सायमन सुट्टीवर आला. रापलेला, खांदे रुंद झालेले, मराठीत मधेच हिब्रू शब्द. दारातून आत येऊन तो आईच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि आई त्याला शोधत दाराकडेच बघत राहिली. मी तिला वळवलं. दुसऱ्या दिवशी रिबेकामावशी आली आणि तिने त्याला सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीने: नवस, खूण, डोळा. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचं हं हं करणं मधेच थांबलं.

संध्याकाळी मी त्याला घेऊन तळ्याच्या काठाने फिरायला गेले आणि सरळ सांगितलं. पाण्याची वाट, दाब, बाष्प धरलेली काच, अंधारात बसणं, सगळं. "मावशी काहीही सांगते. तुझा याच्याशी काही संबंध नाही. तो आजार होता. तुला काही झालं नसतं, किंवा झालं असतं, तरी तो झालाच असता. औषध होतं, तिने ते शुक्रवारी घातलं नाही, म्हणून डोळा गेला. इतकं साधं आहे."

तो नीट ऐकत होता. यंत्रावर काम केलेला माणूस. त्याला सगळं समजलं. मग त्याने विचारलं, "का नाही घातलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते त्याला माझ्या तोंडावरून कळलं.

घरी आलो तेव्हा पानं मांडली होती. तो सवयीने आपल्या जुन्या जागी बसायला गेला. "तिथे नको रे," आई म्हणाली, "डावीकडे बस, मला दिसशील असा." तो उठला, ताट उचललं आणि डावीकडे जाऊन बसला. सुट्टी संपेपर्यंत दोन्ही वेळा तो तिथेच जेवला, मान खाली घालून. त्यानंतर तो पनवेलला आला तो आई गेल्यावर.